भरतीचा हिशेब आणि ओढीचे कारण

देवनारची पूर्वेकडील हद्द जेथे संपते तेथे ठाण्याची खाडी लागते. मुंबईतील पुष्कळांना हे नाव 1927 पासून साठत आलेल्या कचऱ्याच्या डोंगरामुळेच काय ते ठाऊक असते. परंतु त्या डोंगराच्या पलीकडे तिवरांचे रान आहे, आणि दिवसातून दोन वेळा त्या तिवरांच्या मुळांशी पाणी चढते व दोन वेळा ओसरते. हे पाणी केव्हा चढणार हे जवळच्या ट्रॉम्बे कोळीवाड्यातील जाणत्या माणसाला कोणास विचारावे लागत नाही. किनारपट्टीवर एक जुना हिशेब चालत आला आहे. शुक्ल अथवा कृष्ण पक्षातील तिथीचा आकडा घ्यावयाचा, त्याची पाऊणपट करावयाची, आणि जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती समजावयाची. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. दिवसाही तीच वेळ आणि रात्रीही जवळजवळ तीच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची मंद भरती, हे त्याच हिशेबाचे दुसरे कलम होय. मुंबईस अपोलो बंदरावर 1878 पासून भरतीओहोटीची नोंद यंत्राने होत आली असून बंदराची छापील कोष्टकेही मिळतात. त्यांच्याशी ताडून पाहता हा पाऊणपटीचा हिशेब पुष्कळ अंशी जुळतो, आणि होडी लोटण्यास तेवढे पुरे असते.

हा हिशेब म्हणजे एक नियम होय. तो केव्हा आणि किती हे सांगतो. चंद्राचा आणि खाडीच्या पाण्याचा संबंध काय, मध्ये चार लक्ष किलोमीटरांच्या आसपास अंतर असता एकाने दुसऱ्याला कशाने हलवावे, याविषयी तो एक अक्षरही बोलत नाही. आणि बोलत नाही म्हणून त्याचे काही अडत नाही. ज्याला 'का' असे विचारावयाचे असेल त्याला निराळी वस्तू हवी. तिचे नाव उपपत्ती. नियम आणि उपपत्ती ही दोन भावंडे एकाच घरात वाढतात, परंतु त्यांचे आयुर्मान सारखे नसते. गुरुत्वाकर्षणाचा इतिहास हा मुख्यतः या दोहोंच्या निरनिराळ्या आयुष्याचा इतिहास आहे. आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण कोल्हापूरच्या एका कुटुंबात घडलेले असल्यामुळे मराठी वाचकाने तो नीट समजून घेण्यास विशेष कारण आहे.

मराठीत हा भेद ध्यानात ठेवणे थोडे कठीण जाते, आणि त्याचे मूळ एका थोर शब्दात आहे. तो शब्द 'सिद्धान्त'. शास्त्रार्थाच्या जुन्या परंपरेत आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, मग त्याचे खंडन करावयाचे, आणि शेवटी जे ठरले तो सिद्धान्त. म्हणजे तेथे वाद संपला. ज्योतिषाचे मोठे ग्रंथही याच नावाने ओळखले गेले. पुढे इंग्रजी विद्या आली तेव्हा या एकाच शब्दावर सगळा भार पडला. शाळेच्या पुस्तकांत केप्लरचे 'नियम' असतात, आर्किमिडीजचे 'तत्त्व' असते. पण न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाला कोठे नियम म्हटलेले आढळते तर कोठे सिद्धान्त. पायथागोरसचाही सिद्धान्त आणि डार्विनचाही सिद्धान्तच. उलट घरगुती बोलण्यात 'ही नुसती थिअरी आहे' असे म्हटले की निव्वळ तर्क असा अर्थ होतो. म्हणजे एकाच वस्तूला पुस्तकात अंतिम निर्णयाची पदवी आणि ओसरीवर वावडीची किंमत! जुन्या ज्योतिषग्रंथांचे टीकाकार ग्रंथात दिलेल्या रीतीमागील कारणपरंपरा सांगत असत, तिला ते 'उपपत्ती' म्हणत. तो शब्द मराठी शास्त्रीय लेखनात चांगला रुळला होता. तो मागे पडला हे भाषेचे नुकसानच झाले.

या घोटाळ्यातून आणखी एक समज निघाला आहे. आधी तर्क, मग पुरावा मिळाला की उपपत्ती, आणि आणखी पुरावा मिळाला की तिला बढती मिळून ती नियम होते, असे पुष्कळ सुशिक्षित माणसेही धरून चालतात. कारकुनाचा अव्वल कारकून आणि अव्वल कारकुनाचा मामलेदार व्हावा तसे हे नव्हे. कितीही पुरावा मिळाला तरी उपपत्ती ही उपपत्तीच राहते. फार तर ती बलवत्तर होते. आणि नियम हा तर कित्येकदा उपपत्तीच्या आधीच जन्मलेला असतो, जसा तो पाऊणपटीचा हिशेब.

भरतीचेच कारण घेऊ. चंद्राच्या ओढीने समुद्र चढतो असे केप्लरने 1609 मध्ये सुचविले. गॅलिलिओसारख्या बुद्धिमंताला ते मुळीच रुचले नाही. चंद्राने पाण्यावर सत्ता चालवावी ही त्याला भोळ्या लोकांची कल्पना वाटली, आणि केप्लरसारख्याने तिला मान डोलवावी याचे त्याने 1632 च्या आपल्या ग्रंथात आश्चर्य व्यक्त केले. गॅलिलिओच्या मते पृथ्वीच्या दुहेरी गतीमुळे समुद्र, होडीतील पाण्याप्रमाणे, हिंदकळतो. ही उपपत्ती मोठी चतुर होती. परंतु तिच्याप्रमाणे दिवसातून भरती एकदाच यावयास हवी, आणि व्हेनिसपासून मुंबईपर्यंत ती दोनदा येते. पुढे देकार्तने 1644 मध्ये अवकाश सूक्ष्म द्रव्याच्या भोवऱ्यांनी भरले असून चंद्र त्या द्रव्याला दाबतो व ते द्रव्य समुद्राला दाबते, असे मांडले. यात दुरून ओढण्याची भानगड नव्हती. एक वस्तू दुसऱ्या वस्तूस ढकलते, इतकेच. त्या काळच्या विद्वानांना हे फार समाधानकारक वाटले. उणीव एकच होती. त्यातून आकडा निघत नव्हता.

आकडा न्यूटनने दिला. 1687 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील नियम असा: कोणत्याही दोन वस्तू एकमेकींना ओढतात, ती ओढ त्यांच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते, आणि अंतर दुप्पट झाले की चतुर्थांश, तिप्पट झाले की नवमांश होते. याचा पडताळा साध्या त्रैराशिकाने पाहता येतो. देवनारला उंचावरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे 4.9 मीटर खाली येतो. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट दूर आहे. तेव्हा तेथे ओढ साठाच्या वर्गाने, म्हणजे 3,600 पटींनी, कमी असावयास हवी. 4.9 मीटरांना 3,600 ने भागले की सव्वा ते दीड मिलिमीटर येतात. चंद्र आपल्या सरळ मार्गापासून एका सेकंदात पृथ्वीकडे वळतो तो नेमका इतकाच. भरतीचेही कोडे याच नियमाने उलगडले. चंद्राकडील बाजूचे पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा अधिक ओढले जाते, पलीकडील बाजूचे कमी. म्हणून फुगवटा दोन्ही बाजूंस येतो आणि भरती दोनदा होते. सूर्याचाही वाटा असतो, तो चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. दोघे एका रेषेत आले की उधाण.

मात्र ही ओढ कशाने घडते हे सांगण्यास न्यूटनने नकार दिला. 1713 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने स्पष्ट लिहिले की गुरुत्वाचे कारण घटनांवरून आपणास काढता आलेले नाही आणि आपण तर्क रचीत बसत नाही. त्याआधी 1693 मध्ये बेंटली नावाच्या धर्मोपदेशकाला लिहिलेल्या पत्रात तो याहूनही पुढे गेला होता. मध्ये काहीच नसता एका वस्तूने दुसरीवर परिणाम करावा ही कल्पना विचारी माणसाच्या गळी उतरणे अशक्य आहे, असा त्याचा अभिप्राय होता. लाइबनिट्सने तर ही ओढ म्हणजे नित्याचा चमत्कार ठरविली. हॉयगेन्सनेही ती नाकारली. टीकाकारांचे म्हणणे चुकीचे होते असे म्हणता येत नाही. पण ते उपपत्ती मागत होते आणि न्यूटन नियम देत होता.

ज्यांना रिकाम्या जागेतील ओढ सहन होईना त्यांनी दोनशे वर्षे नाना युक्त्या काढल्या. त्यांतील सर्वांत चमत्कारिक युक्ती जिनिव्हाच्या ल साज याची. फातिओ नावाच्या न्यूटनच्याच मित्राने ती आधी, 1690 मध्ये, सुचविली होती; ल साजने अठराव्या शतकात ती विस्ताराने मांडली. अवकाशात सर्व दिशांनी अतिसूक्ष्म कण धावत आहेत. दोन वस्तू समोरासमोर आल्या की एक दुसरीला छत्रीसारखी आडोसा होते, म्हणून समोरून मारा कमी, मागून अधिक, आणि दोन्ही एकमेकींकडे ढकलल्या जातात. यातून अंतराच्या वर्गाचा तो नियम बरोबर निघतो! यंत्रासारखी स्वच्छ उपपत्ती, आणि तरीही ती खोटी. मॅक्सवेलने 1875 मध्ये दाखविले की इतक्या माऱ्याने वस्तू तापून लाल व्हावयास हव्यात. शिवाय ग्रहांना त्या कणांच्या पावसातून चालताना अडथळा झाला असता. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही की ल साजची उपपत्ती पडली तेव्हा नियमाला ओरखडाही उठला नाही. नियम बरोबर निघणे हे उपपत्तीच्या सत्यतेचे एक लक्षण आहे, पण ते एकटे पुरे नाही.

मराठी मुलखात या विषयाची चर्चा निघाली की भास्कराचार्यांचे नाव येतेच, आणि ते यावेही. खानदेशात चाळीसगावजवळ पाटणे येथे त्यांच्या नातवाने उभारलेल्या मठाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. 1150 साली रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात भास्कराचार्यांनी, पृथ्वी शेषावर की कूर्मावर या प्रश्नाचा समाचार घेतला आहे. एकाला दुसऱ्याचा आधार मानला तर त्या दुसऱ्याला तिसरा लागतो आणि शेवट होत नाही. तेव्हा शेवटी कोणीतरी स्वशक्तीने उभा आहे असे मानावे लागणारच, मग तो मान पहिल्याने पृथ्वीलाच का देऊ नये? पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, म्हणून ती वस्तू पडल्यासारखी दिसते. पृथ्वीच्या सभोवार आकाश सर्वत्र सारखेच, मग ती स्वतः पडणार कोठे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. शतकांपूर्वी इतका निर्मळ विचार झाला याचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण याच आधारावर न्यूटनचा शोध पाचशे वर्षे आधी लागला होता असे व्याख्यानांतून जे सांगितले जाते ते टिकत नाही. भास्कराचार्यांनी दिली ती एक उपपत्ती होती. अंतर दुप्पट झाले तर ओढ किती, चंद्रही त्याच ओढीने फिरतो काय, हे प्रश्न त्यांनी घेतलेच नाहीत. ग्रहगणिताच्या त्यांच्या रीती, म्हणजे त्यांचे नियम, या ओढीवर उभारलेले नव्हते. ते वेध आणि परंपरा यांवर उभारलेले होते. ज्याने जे दिले ते त्याच्या नावे लिहावे, जास्त लिहिल्याने मोठेपणा वाढत नाही.

न्यूटनचा नियम महाराष्ट्रात आला तो वादविवादातून थोडा आणि पंचांगातून अधिक. माळव्यात सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन या अधिकाऱ्याच्या उत्तेजनाने सुबाजी बापू या मराठी पंडिताने 1836 च्या सुमारास 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठीत लिहून पुराणे, सिद्धान्तग्रंथ आणि कोपर्निकस यांच्या मतांची तुलना केली. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांनी, जे तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम करीत होते, युरोपीय कोष्टकांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक 1860 मध्ये सिद्ध केले. आणि शके 1787, म्हणजे 1865, पासून त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. त्या युरोपीय कोष्टकांच्या पोटात न्यूटनचा नियम होता. ज्या घरी न्यूटनचे नावही कोणी ऐकले नव्हते त्या घरी त्याच्या नियमाने काढलेली ग्रहणे आणि ग्रहांची स्थाने भिंतीवर टांगली गेली. वाद झाले ते वर्षमान आणि अयनांश यांवर. गुरुत्वाकर्षणाच्या कारणाविषयी कोणी भांडले नाही, कारण पंचांगाला त्याची गरजच नव्हती. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या 1896 च्या ग्रंथात ही सारी हकीकत वाचावयास मिळते. दीक्षित मॅट्रिक होऊन शिक्षक झालेले गृहस्थ. त्यांच्या ग्रंथाची सर अनेक पदवीधरांच्या ग्रंथांना आलेली नाही.

नियम अधिक दीर्घायुषी असला तरी अमर नव्हे. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालेना तेव्हा दोनच मार्ग होते: एक तर नियम चुकला, नाही तर न दिसणारा दुसरा कोणी त्याला ओढीत आहे. अॅडम्स आणि ल व्हेरिए यांनी दुसरा मार्ग धरला, आणि 1846 च्या सप्टेंबरात ल व्हेरिएच्या गणिताने दाखविलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग बुध चुकू लागला. त्याच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू शतकात 43 विकला अधिक सरकत होता. ल व्हेरिएने पुन्हा तीच युक्ती केली. सूर्याजवळ आणखी एक ग्रह असला पाहिजे असे सांगून त्याचे नावही ठरले, व्हल्कन. तो कधीच सापडला नाही. या वेळी चूक नियमातच होती. तारकासमूहांच्या फिरण्याच्या गतीवरून आज जे अदृश्य द्रव्य मानले जाते त्याविषयीही हाच जुना पेच आहे. बहुतेक शास्त्रज्ञ नेपच्यूनच्या पक्षाचे आहेत, तर मिल्ग्रोम याने 1983 पासून नियमच बदलावा असे म्हणणारा लहान पक्ष काढलेला आहे.

बुधाच्या त्या 43 विकला आईन्स्टाईनने नोव्हेंबर 1915 मध्ये हिशेबात आणल्या. त्याच्या उपपत्तीत ओढ हा शब्दच उरला नाही. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ यांची घडण वाकते आणि वस्तू त्या वाकलेल्या घडणीतील सर्वांत सरळ वाटेने जातात. 29 मे 1919 च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकलेला दिसला आणि आईन्स्टाईनचे नाव जगभर झाले. त्या मोहिमेतील एडिंग्टन केंब्रिजला प्राध्यापक होते. तथापि एक गोष्ट सांगावयाची राहते. आईन्स्टाईनने आपल्या समीकरणातील स्थिरांकाची किंमत ठरविली ती मंद गती आणि सौम्य ओढ असता न्यूटनचाच नियम निघावा अशा बेताने. जुना नियम पदच्युत झाला नाही. त्याच्या मुलखाची सीमा आखली गेली. चंद्रावर माणसे पाठविताना न्यूटनचे गणित पुरले.

केंब्रिजच्या याच वातावरणात कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर शिकले. 1908 मध्ये जन्मलेले, रँग्लर झालेले हे गृहस्थ 1932 मध्ये मालवीयजींच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले, आणि ज्या काळी सापेक्षतेची समीकरणे हिंदुस्थानात थोड्यांनाच वाचता येत त्या काळी त्यांनी तेथे त्या विषयाची शाळा उभी केली. गुजरातचे प्रल्हाद चुनिलाल वैद्य 1942 मध्ये पदरचे पैसे घेऊन सहकुटुंब त्यांच्याकडे शिकावयास गेले, आणि प्रकाशणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाचे वैद्यांचे प्रसिद्ध उत्तर 1943 चे, त्याच सहवासातील आहे. विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत यांचा जन्म 19 जुलै 1938 चा, कोल्हापूरचा. बालपण आणि बी.एस्सी.पर्यंतचे शिक्षण काशीचे. तेही 1957 मध्ये केंब्रिजला गेले आणि फ्रेड हॉईल यांचे शिष्य झाले.

1964 च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हॉईल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाची नवी उपपत्ती मांडली. पंचविशीतल्या मराठी तरुणाने आईन्स्टाईनला मागे टाकले, असा गाजावाजा हिंदुस्थानात झाला. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मभूषणही मिळाले. कौतुक योग्यच होते, पण कशाचे कौतुक चालले आहे हे थोड्यांनाच ठाऊक होते. त्या दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडला नव्हता. त्यांनी निराळाच प्रश्न विचारला होता: वस्तूला वस्तुमान येते कोठून? देवनारच्या खाडीतील होडी हलविण्यास जोर लागतो, तो तिच्या अंगच्या जडपणामुळे. हा जडपणा तिचा स्वतःचा, असे न्यूटन म्हणे. माख नावाच्या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाने 1883 मध्ये शंका काढली होती की तो विश्वातील दूरदूरच्या द्रव्यामुळे आला असावा. आईन्स्टाईनला ही कल्पना आवडे, परंतु त्याच्या समीकरणांत ती पुरती उतरली नाही. संपूर्ण रिकाम्या विश्वाचेही उत्तर त्यांतून निघते. हॉईल-नारळीकरांनी तिला गणिताचे रूप दिले. प्रत्येक कणाचे वस्तुमान म्हणजे विश्वातील इतर सर्व कणांच्या योगदानाची बेरीज. विश्वातील निम्मे द्रव्य नाहीसे केले तर येथील गुरुत्वाकर्षण दुप्पट होईल, असे त्यातून निघे. गुरुत्वात आकर्षणच का असते, अपसारण का नाही, याचेही उत्तर त्यात आपोआप येत होते; आईन्स्टाईनला ते न्यूटनच्या नियमाकडे पाहून घालावे लागले होते. आणि द्रव्य विपुल असलेल्या विश्वात ही समीकरणे आईन्स्टाईनच्याच समीकरणांवर येऊन ठेपत. म्हणजे बुधाच्या 43 विकला दोघांच्याही वहीत सारख्याच. नियम एक, कारणे दोन.

त्याच सभेत एका विद्यार्थ्याने उठून सांगितले की विस्तारणाऱ्या विश्वात ही बेरीज अनंत होते. तो विद्यार्थी स्टीफन हॉकिंग. 1965 मध्ये त्याने ते सविस्तर छापले. स्थिर स्थितीच्या विश्वात ही आपत्ती टळू शकते असे हॉईल-नारळीकरांचे उत्तर होते. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी 1948 मध्ये मांडलेले ते विश्व, ज्याला आरंभ नाही. परंतु 1965 मध्येच अवकाशाच्या सर्व बाजूंनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण पेंझियास आणि विल्सन यांना सापडले, आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी स्थिर विश्वाची बाजू सोडली. आश्रयदात्याच्या पडझडीत आश्रिताचेही घर गेले, असा हा प्रकार.

उपपत्तीची खरी कसोटी मात्र ती नियमात काही फरक मागते तेव्हा लागते. नारळीकर 1972 मध्ये मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्या सुमारास हॉईल आणि त्यांनी आपल्या विचाराचे जे नवे रूप मांडले त्यात गुरुत्वाचा स्थिरांक काळाबरोबर घटत होता, दर वर्षी साधारण हजार कोटींत एक भाग. हे धाडस होते आणि त्याची किंमत मोजण्याची तयारीही त्यात होती, कारण असा फरक मोजता येतो. 1969 आणि 1971 मध्ये चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर पृथ्वीवरून लेझरचा प्रकाश सोडून चंद्राचे अंतर मोजले जाते. गंमत ही की या हिशेबातून आधी भरतीचा परिणाम वजा करावा लागतो. समुद्राच्या भरतीमुळे पृथ्वीचे भ्रमण मंदावते आणि चंद्र दर वर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर जातो. ते वजा केल्यावर गुरुत्वाच्या स्थिरांकात लाख कोटींत एक भाग एवढाही वार्षिक बदल आढळला नाही. ती उपपत्ती त्या रूपात तेथे अडली. मग नारळीकरांचे श्रम वाया गेले काय? असे म्हणणारे लोक 1964 मध्ये आईन्स्टाईन हरला असे म्हणणाऱ्यांचेच भाईबंद होत. ल साजची उपपत्ती पाडण्यास मॅक्सवेलला उष्णतेचा विचार करावा लागला. नारळीकरांच्या उपपत्तीमुळे, स्थिर मानलेला स्थिरांक खरोखर स्थिर आहे काय हे विचारण्यास आणखी एक कारण मिळाले.

त्यांनी स्वतः मात्र आपला पक्ष शेवटपर्यंत सोडला नाही. 1993 मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी स्थिर विश्वाचे सुधारलेले रूप पुढे आणले. ते फारसे कोणी स्वीकारले नाही. परंतु 1988 मध्ये पुण्यास 'आयुका' ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली निघाली तेव्हा तेथे प्रतिपक्षाला दार बंद नव्हते. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी तेथे आईन्स्टाईनच्या उपपत्तीतून निघणाऱ्या गुरुत्वलहरी गोंगाटातून कशा निवडाव्यात याचे गणित करीत बसले, आणि ते काम करणाऱ्याला तेव्हा एकही लहर दिसलेली नव्हती. ती 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील यंत्रांत उमटली. नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात निवर्तले.

देवनारला लागून असलेल्या मानखुर्दात टाटा संस्थेचेच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. 1974 मध्ये निघालेल्या या केंद्रात मुलांच्या मनात शास्त्रीय कल्पना कशा बसतात, आणि कशा बसत नाहीत, याचा अभ्यास चालतो. नियम कोणता आणि उपपत्ती कोणती हे मुलांना निवडावयास सांगायचे तर त्यासाठी दूर जावयास नको, खाडीचे पाणी आणि भिंतीवरचे पंचांग पुरेसे आहे. इकडे मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींचे यंत्र उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याच्या काटकोनातील दोन भुजा चार-चार किलोमीटर लांबीच्या असावयाच्या, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहून लहान फरक पडला तरी तो टिपावयाचा. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळतात तेथे ओढ इतकी प्रचंड असते की न्यूटनचा नियम तेथे उपयोगाचा नाही. आईन्स्टाईनच्या आकड्यांत तेथे विकलेएवढी तरी चूक निघते काय, हे त्या यंत्राला पाहावयाचे आहे.